पुणे डिव्हिजन कुतला कशी अडकली

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. दुसऱ्याच दिवशी, टायग्रिस नदीच्या काठच्या कुत-अल-अमारा या मातीच्या घरांच्या गावात सुमारे तेरा हजार माणसांची फौज तुर्कांच्या स्वाधीन झाली. त्या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. शांततेच्या काळात तिच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या नावांनी ओळखल्या जायच्या. म्हणजे बेळगावात स्वराज्याची मागणी रीतसर मांडली जात होती, त्याच सुमारास बेळगाव ब्रिगेडचे लोक आपल्याच तोफा सुरुंगाने निकामी करत होते. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन तारखा सहसा एका पानावर येत नाहीत. पहिली टिळकांच्या प्रकरणात असते आणि दुसरी, असलीच तर, पहिल्या महायुद्धाच्या एखाद्या तळटीपेत. पण दीड वर्षाच्या आत या दोन्ही गोष्टी लंडनच्या पार्लमेंटात एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या. ते कसं घडलं हे समजायला आधी कुत समजून घ्यावं लागतं.

सुरुवात तेलापासून आणि त्याहून जास्त धास्तीपासून झाली. इराणच्या आखाताच्या टोकाशी अबादान बेटावर अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होतं आणि १९१४च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरणार अशी चिन्हं दिसताच हिंदुस्थान सरकारने पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड ऑक्टोबर १९१४मध्ये मुंबईहून बाहेर काढली आणि आखातात बहारीनपाशी तयार ठेवली. युद्ध जाहीर झाल्याबरोबर, ६ नोव्हेंबरला, ती फाओला उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा हातात आलं. बाकीची डिव्हिजन मागोमाग पोहोचली. तेल सुरक्षित झालं, बंदर मिळालं. काम इथेच थांबवता आलं असतं.

या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ मराठा, दुसरीत १०३ मराठा लाइट इन्फंट्री आणि तिसरीत ११० मराठा लाइट इन्फंट्री. त्यांच्या जोडीला पंजाबी, राजपूत आणि नॉरफोक, डॉर्सेट, ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या पलटणी. मराठा पलटणींत घाटावरचे मराठे जास्त, त्यांच्याखालोखाल कोकणातले आणि काही कंपन्या दख्खनी मुसलमानांच्या. महारांना यात जागा नव्हती. ज्या समाजाने मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली, त्याची भरती १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या नव्या खुळापायी बंद झाली होती. माणसं कमी पडायला लागल्यावर, १९१७ साली, सरकारला त्यांची पुन्हा आठवण झाली आणि १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही काळातच तीही मोडली.

बसऱ्यानंतर जे झालं त्याला धोरण म्हणणं जड जातं. प्रत्येक गावाच्या रक्षणासाठी त्याच्या पुढचं गाव घ्यायचं, एवढंच सूत्र होतं. बसऱ्यासाठी कुर्ना, कुर्न्यासाठी अमारा, अमाऱ्यासाठी नासिरिया, नासिरियासाठी कुत. एप्रिल १९१५मध्ये बसऱ्याजवळ शैबा इथे तुर्कांचा मोठा प्रतिहल्ला परतवला गेला आणि त्याच महिन्यात वरचं नेतृत्व बदललं. एकंदर मोहिमेवर सर जॉन निक्सन आले, पुणे डिव्हिजनवर मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. या टाउनशेंडची सारी कीर्ती १८९५ साली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळच्या किल्ल्यात वेढा सोसण्यावर उभी होती. वेढ्यात अडकून माणूस नाव कमावू शकतो हे त्याला स्वानुभवाने माहीत होतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पहिले काही महिने सगळं इतकं सोपं गेलं की डोक्यात हवा जावी. ३१ मे १९१५ला, नदीला पूर आलेला असताना, शिपायांना ‘बलम’ नावाच्या लांबट अरबी होड्यांत बसवून बांबूने रेटत तुर्कांच्या टेकड्यांवर नेलं. या ‘होड्यांच्या शर्यती’त १०३ मराठाही होती. कोकणातल्या पोरांना त्याचं फारसं नवल वाटलं नसेल. मग नदीवर पळणाऱ्या तुर्कांचा पाठलाग करत टाउनशेंड स्वतः मूठभर माणसांनिशी अमाऱ्याला पोहोचला आणि त्या मूठभरांपुढे अख्खं गाव शरण आलं. सप्टेंबरअखेर कुतही पडलं. आता बगदाद नकाशावर फार लांब दिसत नव्हतं.

नकाशावर. प्रत्यक्षात नदी सापासारखी वळणं घेत जाते, उन्हाळ्याच्या अखेरीस तिला पाणी उरत नाही आणि बसऱ्यापासून वर जायला दुसरा रस्ता नव्हता. रेल्वे नाही, पक्की सडक नाही. जे काही वर जायचं, पीठ, गोळे, औषध, खेचरांचा चारा, ते बोटींतून जायचं. आणि जो जखमी खाली यायचा तोही बोटीतूनच. या मोहिमेचा सगळा हिशेब बोटींचा होता आणि बोटी कधीच पुरेशा नव्हत्या. ब्रह्मदेशातल्या इरावतीवरच्या, बंगालातल्या नद्यांवरच्या उथळ बोटी मागवल्या गेल्या. त्या नदीसाठी बांधलेल्या होत्या आणि त्यांना अरबी समुद्र ओलांडायचा होता. काही वाटेतच बुडाल्या. बसऱ्याला धक्के नव्हते, त्यामुळे मुंबईहून आलेली जहाजं माल उतरवायला आठवडेच्या आठवडे नदीत उभी राहायची. निक्सनने बसऱ्याहून नासिरियापर्यंत छोटी रेल्वे मागितली होती. खर्चाच्या कारणाने ती नाकारली गेली.

खर्चाचं कारण सांगणारे लोक शिमल्याला होते. ही मोहीम लंडनच्या युद्धखात्याची नव्हती, हिंदुस्थान सरकारची होती. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, सरसेनापती सर बीचम डफ आणि अर्थखातं पाहणारे सर विल्यम मेयर ही मंडळी डोंगरावर बसून दीड हजारांहून अधिक मैलांवरचं युद्ध चालवत होती. फ्रान्सला, इजिप्तला आधीच फौजा गेल्या होत्या, तिजोरी जपायची सवय हाडामांसी खिळली होती. वाण्याच्या दुकानातला मुनीमही इतक्या लांबून गोदाम चालवणार नाही. पण आर्थिक काटकसर आणि पुढे जायची हाव या दोन गोष्टी एकाच कार्यालयात नांदत होत्या, ही या प्रकरणाची खरी गंमत. गंमत शिमल्यापुरतीच, अर्थात.

ऑक्टोबर १९१५मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटिशांची लाज जाण्याची वेळ आली होती. लंडनला कुठेतरी विजय हवा होता. बगदाद हे नाव कोणालाही माहीत होतं. टाउनशेंडला स्वतःला खात्री नव्हती, त्याने तसं कळवलंही होतं. पण हुकूम आल्यावर तो निघाला. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, जिथे प्राचीन इराणी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड विटांची कमान उभी आहे, तिथे गाठ पडली. त्या जागेचं चालू नाव सलमान पाक. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याची कबर तिथे आहे. ते नाव मुसलमान शिपायांच्या कानावर पडू नये म्हणून फौजेत ‘टेसिफॉन’ हेच नाव वापरायची ताकीद होती. तुर्कांच्या खलिफाने जिहाद पुकारून वर्ष झालं होतं, त्यामुळे ही खबरदारी. कबर मात्र तिथेच होती आणि शिपाई काही आंधळे नव्हते.

टेसिफॉनला पहिल्या दिवशी तुर्कांची पहिली फळी हातात आली. पण चौदा हजारांच्या आतबाहेर असलेल्या फौजेतली सुमारे ४,६०० माणसं त्या लढाईत मारली गेली किंवा जखमी झाली. मागे राखीव असं काहीच नव्हतं. आणि इथे बोटींचा हिशेब पहिल्यांदा रक्तात चुकवावा लागला. जखमींना रणांगणातून नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या लोखंडी खेचरगाड्या होत्या. मोडलेल्या मांड्या आणि फुटलेली पोटं घेऊन माणसं त्या खडखडत्या गाड्यांत दहा मैल आली. काहींनी खाली उशी म्हणून मेलेल्या सोबत्यांना घेतलं होतं. नदीवर इस्पितळ-बोट नव्हती. ज्या बोटींनी दारूगोळा आणि जनावरं वर नेली त्यांच्याच उघड्या डेकवर जखमींना ओळीने निजवून खाली पाठवलं. पांघरूण नाही, शौचाची सोय नाही, अनेकांची पहिली पट्टी बसऱ्यापर्यंत बदलली गेली नाही.

त्यातली मजिदिया नावाची बोट सुमारे सहाशे माणसं घेऊन बसऱ्याला आली तेव्हा तिथे वारेला या इस्पितळ-जहाजावर मेजर मार्खम कार्टर हे डॉक्टर उभे होते. त्यांनी नंतर चौकशी आयोगापुढे जे सांगितलं ते वाचवत नाही. बोट जवळ येताना तिच्या कठड्यांवरून दोर लोंबत असल्यासारखं त्यांना वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ते दोर नव्हते. जागचे हलू न शकणाऱ्या, हगवणीने ग्रासलेल्या माणसांची विष्ठा कठड्यावरून ओघळून वाळली होती. कार्टरांनी तक्रार केली तर त्यांनाच लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी देण्यात आली. निक्सनने वर कळवलं ते जखमींची व्यवस्था नीट लागल्याचं.

टाउनशेंड मागे फिरला. थकलेली फौज पायी लढत लढत ३ डिसेंबरला कुतला परत आली. इथून आणखी खाली जाता आलं असतं का, यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. माझं मत विचाराल तर टाउनशेंडला वेढा नकोसा नव्हता. चित्रळ त्याच्या डोक्यात होतं. कुतला नदी घोड्याच्या नालासारखी वळते, गाव त्या नालाच्या आत, तीन बाजूंनी पाणी. बाहेरच्याला आत येणं अवघड, हे खरं. पण आतल्याला बाहेर पडणंही तितकंच अवघड. ७ डिसेंबरला तोंड बंद झालं. आत सैनिक आणि नोकरचाकर धरून पंधरा हजारांच्या आसपास फौजेची माणसं आणि वर गावचे सहा हजार अरब रहिवासी.

ईशान्येला मातीचा किल्ला होता. तिथे १०३ मराठा आणि ऑक्सफर्डवाले होते. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी त्याची भिंत पाडली आणि भगदाडातून आत घुसले. रात्रभर हातबॉम्ब आणि संगिनींची झोंबाझोंबी चालली आणि भगदाड राखलं गेलं. नदीच्या पलीकडच्या काठावर, लोकर दाबायच्या कारखान्याभोवतीच्या वस्तीत, ११० मराठा होती, मुख्य गावापासून पाण्याने तुटलेली. त्या एका रात्रीनंतर तुर्कांनी चढाईचा नाद जवळजवळ सोडला. त्यांना घाई नव्हती. जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ आणि नंतर तुर्की सेनापती हलील पाशा यांनी ओळखलं होतं की उरलेलं काम पोट करेल.

आणि इथे दुसरा हिशेब चुकला, तो धान्याचा. सुरुवातीला टाउनशेंडने कळवलेल्या आकड्यांवरून वाटत होतं की आत थोड्याच आठवड्यांचा शिधा आहे. म्हणून जनरल एल्मरची सुटकेची फौज बसऱ्याहून तुकड्यातुकड्याने, अर्ध्या तोफा आणि नगण्य औषधपाण्यासह, घाईघाईने वर ढकलली गेली. शेख साद, वादी, हन्ना. जानेवारीच्या चिखलात, उघड्या मैदानावर, तीन लढाया. तिसरी तर सरळ कत्तल. आणि मग जानेवारीच्या अखेरीस गावातल्या घरांची झडती घेतल्यावर भूमिगत साठे सापडले, घोडे-खेचरं धरली तर आणखी ८४ दिवस निघतील असा नवा आकडा आला. कुत हे मुळात धान्याच्या पेठेचं गाव. घरोघर कणगी असणार हे आपल्याकडच्या कोणत्याही खेडुताने पहिल्या दिवशी सांगितलं असतं. झडती पहिल्या आठवड्यात झाली असती तर एल्मरला तयारीला महिनाभर मिळाला असता. तिकडे बसऱ्याला हजारो ताज्या दमाचे सैनिक बोटी नाहीत म्हणून नुसते बसून होते.

आता घोड्यांचं. गोऱ्या पलटणींनी घोड्याचं मांस लवकरच सुरू केलं. हिंदी पलटणींनी नाकारलं. हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. हिंदुस्थानातून मौलवींचे आणि पंडितांचे निर्वाळे तारेने मागवले गेले: जीव वाचवण्यासाठी खाल्लं तर दोष नाही. तरी शिपाई हटेनात. इंग्रज इतिहासकार याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण शिपायांनी अधिकाऱ्यांना दिलेलं कारण अगदी व्यवहारी होतं: आज इथे खाल्लं तर उद्या गावात वाळीत पडू, आमच्या मुलींशी लग्न कोण करेल? तारेतला पंडित दिल्लीचा, वाळीत टाकणारी भावकी गावातली. शिवाय दसऱ्याला घोड्याला हळदकुंकू लावणाऱ्या घरातल्या माणसाने त्याच घोड्याचा रस्सा ओरपायचा, हे पिठाच्या हिशेबाइतकं सोपं नव्हतं.

पण मांस नाही, तूप संपलेलं, भाजी नाही, मग स्कर्व्ही आला. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. शिपाई खंदकाबाहेर उगवलेला पाला खुडून उकडून खायला लागले. त्यात विषारी काय हे कोणाला ठाऊक? १७व्या, म्हणजे अहमदनगर ब्रिगेडचा सेनानी, ब्रिगेडियर जनरल हॉटन, एप्रिलमध्ये अशाच पाल्यामुळे मेला. सेनानीची ही गत, तर शिपायांची मोजदाद कोण ठेवतो. एप्रिलच्या मध्यावर शेवटी अधिकाऱ्यांच्या दट्ट्यापुढे आणि भुकेपुढे हजारोंनी घोडा खायला सुरुवात केली. फार उशीर झाला होता. तोवर रोजचं पीठ ५ औंसांवर आलं होतं. ५ औंस म्हणजे सुमारे १४० ग्रॅम, घरी एका मोठ्या भाकरीला लागतं साधारण तेवढं. तेही पीठ जवाचं, कोंड्यासकट. त्या एका भाकरीवर चोवीस तास खंदकात.

जव दळायला जाती अपुरी पडली तेव्हा विमानातून जात्याची तळी टाकली गेली. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी पीठ, साखर, मीठ यांची पोती टाकायलाही सुरुवात केली. वेढलेल्या फौजेला आकाशातून शिधा पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न मानतात. त्या काळच्या विमानांची ताकद ती काय, कैक पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. दोन आठवड्यांत मिळून जे आत पोहोचलं ते एवढ्या पोटांपुढे नगण्य होतं.

बाहेर सुटकेच्या लढाया चालूच होत्या. मार्चमध्ये दुजैला, एप्रिलमध्ये सन्नैयातला तीनदा. आतल्या तेरा हजारांना सोडवण्याच्या नादात बाहेर सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट २७० टन शिधा भरून, पत्र्याचं कवच ठोकून, तुर्कांच्या तोफांखालून कुतकडे निघाली. नदीत आडव्या टाकलेल्या तारेत ती अडकली. तिचे दोन्ही अधिकारी, फर्मन आणि काउली, जिवाला मुकले. शेवटचा उपाय म्हणून लंडनने लाच देऊ केली. वाटाघाटीला गेलेल्यांत कैरोहून आलेला एक तरुण कॅप्टन होता, टी. ई. लॉरेन्स. फौज सोडा, दहा लाख पौंड घ्या. मग वीस लाख. तुर्कस्तानचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा याने नकार दिला आणि वर ही गोष्ट जगभर जाहीरही केली.

२९ एप्रिलला तोफा फोडून, दारूगोळा नदीत टाकून कुत शरण गेलं. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले आणि कैदेत असतानाच ‘सर’ही मिळाला. त्याचा लाडका कुत्रा, स्पॉट, तुर्कांच्या परवानगीने ब्रिटिश हद्दीत सुखरूप पोहोचवण्यात आला. शिपायांना पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर पहिल्या छावणीत दगडासारखी तुर्की बिस्किटं मिळाली. अधाशासारखी ती खाऊन पहिल्या काही दिवसांतच शेकडो मेले. मग बगदाद, तिथून समाराहून पुढे पायी: तिक्रित, मोसूल, नुसैबिन, रास-अल-ऐन. उन्हाळ्यात, वाळवंटात, बूट विकून पाणी घेत. ब्रिटिश साध्या सैनिकांपैकी सुमारे ७० टक्के कैदेत मेले. हिंदी शिपाई बहुतांश रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले, त्याच रेल्वेमार्गावर जिथे वर्षभरापूर्वी आर्मेनियन लोकांचे तांडे मरणाकडे हाकले जात होते. कुतच्या सुमारे ९,३०० हिंदी जवानांपैकी अडीच हजारांच्या आसपास परत आले नाहीत. गावातल्या रहिवाशांचीही सुटका नव्हती. इंग्रजांना मदत केल्याच्या संशयावरून तुर्कांनी कित्येकांना फासावर दिलं.

आता लंडन. १९१६च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटाने मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) चौकशी आयोग नेमला. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन अध्यक्ष. आयोगाचा अहवाल जून १९१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. बोटी, रेल्वे, इस्पितळं, कार्टरांची साक्ष, सगळं छापलं गेलं. निक्सन, हार्डिंग, डफ, मेयर, सगळ्यांवर ठपका. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांचा वैयक्तिक दोष फारसा नव्हता, पण खातं त्यांचं म्हणून त्यांनी जुलैत राजीनामा दिला. त्याच चर्चेत एडविन मॉन्टेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारची जी सालं काढली ती आपल्याकडे पुढे अनेकांनी उद्धृत केली: लाकडी, लोखंडी, ताठर, महापुरापूर्वीचं सरकार. बाहेर बसून असं बोलणाऱ्या माणसावर पाच-सहा दिवसांत वेळ आली ती स्वतः भारतमंत्री व्हायची. आणि २० ऑगस्ट १९१७ला त्यांनी हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची सुप्रसिद्ध घोषणा केली.

इथे जरा सावध राहायला हवं. कुत पडलं म्हणून घोषणा झाली, असं लिहायचा मोह होतो. घोषणेचा मसुदा चेंबरलेन यांच्याच काळात घोळत होता, लखनौ करार झाला होता, होमरूलची चळवळ जोरात होती, ‘जबाबदार’ हा शब्द तर कर्झनच्या हातचा. पण एक गोष्ट कुतने नक्की केली. गोऱ्या नोकरशाहीला राज्यकारभार तरी चोख येतो, हा जो युक्तिवाद होमरूलवाल्यांच्या तोंडावर फेकला जायचा, त्याला खुद्द पार्लमेंटाच्या छापील अहवालाने भोक पडलं. नोव्हेंबरात मॉन्टेग्यू हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांना भेटणाऱ्यांत टिळकही होते. पुढच्या वर्षी जून १९१८मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने सैन्यभरतीला पाठिंबा मागितला. स्वराज्याशिवाय भरतीचं बोलता येणार नाही असं टिळक म्हणायला लागताच त्यांना अडवण्यात आलं आणि ते सभागृह सोडून निघून गेले.

मार्च १९१७मध्ये जनरल मॉडने बगदाद घेतलं, या वेळी बोटी, रेल्वे आणि इस्पितळं पुरेशी घेऊन. डफ यांनी जानेवारी १९१८मध्ये आत्महत्या केली. युद्ध संपल्यावर इराक नावाचा देश राष्ट्रसंघाच्या आदेशाने इंग्रजांच्या ताब्यात आला. १९२०मध्ये तिथे मोठं बंड झालं, ते दाबायला पुन्हा बहुतांश हिंदी पलटणीच. १९२१ला फैसल या अरब राजपुत्राला गादीवर बसवलं. बराच काळ तिथल्या बाजारात आपलाच रुपया चालायचा, दिनार आला तो १९३२ साली. इकडे १९२२मध्ये सगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनली, तिचं केंद्र बेळगावला. १०३ तिची पहिली बटालियन झाली, जंगी पलटण. ११० तिसरी झाली. तीच पुढे छत्रीधारी २ पॅरा म्हणून डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेशातल्या टांगाईलला उतरली.

हलील पाशाने १९३४च्या आडनावाच्या कायद्यानंतर आपलं आडनाव घेतलं: कुत.

बसऱ्याला मेसोपोटेमियात पडलेल्यांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी, थडगं नसलेल्यांसाठी. त्याचं उद्घाटन १९२९ला झालं. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून बसऱ्याबाहेर वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं. त्याच्या पाट्यांवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या जागी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली जी संगमरवरी पाटी दिसते, तिच्यावरही तसंच: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. दोन आकडे. पाटीला दरवर्षी रंग मारतात, त्यामुळे ते अजून वाचता येतात.